पहिली रायफल : पनवेलच्या नवशिक्या नेमबाजांपुढील प्रश्न

पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून कित्येक किलोमीटर अंतर कापायचे, ऊर धपापत असतानाच पाठीवरची रायफल हाती घ्यायची आणि पन्नास मीटरवरील पाच काळी वर्तुळे पाच गोळ्यांत टिपायची, असे बायथलॉन या क्रीडाप्रकाराचे स्वरूप आहे. निजून नेम धरताना लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर, तर उभ्याने नेम धरताना ११५ मिलिमीटर असतो. चुकलेल्या प्रत्येक गोळीपोटी दंडाची जादा फेरी मारावी लागते किंवा स्पर्धकाच्या वेळेत भर घातली जाते. हा खेळ १९६० पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये आहे. प्रारंभी तो लष्करी धाटणीच्या मोठ्या रायफलींनी खेळला जाई. १९७८ पासून ०.२२ इंची रायफल रूढ झाली. ती किमान साडेतीन किलो वजनाची असावी आणि तिचा चाप किमान ५०० ग्रॅम दाबाने सुटावा, असा नियम आहे.

कोकणात बर्फ नाही. मग या खेळाचे पनवेलकरांना काय, असा प्रश्न कोणीही विचारील. परंतु बायथलॉनचे मर्म बर्फात नसून धावून आलेल्या शरीराला क्षणभर निश्चल करण्यात आहे, हे ध्यानी घेऊन आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाने ‘टार्गेट स्प्रिंट’ हा प्रकार पुढे आणला. यात चारशे मीटरच्या तीन धावा असतात. त्यांच्या मधल्या दोन थांब्यांवर दहा मीटर अंतरावरील पाच-पाच लक्ष्ये एअर रायफलने उभ्याने पाडायची असतात. रायफल पाठीवर बाळगावी लागत नाही. ती नेमबाजीच्या जागीच टेबलावर ठेवलेली असते. नेहमीच्या एअर रायफल स्पर्धेत लागणारे जाड, ताठ जाकीट येथे अंगात घालायचे नसते. साधे धावण्याचे बूट, एक मैदान, दहा मीटरची जागा आणि एक रायफल एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. युरोपातील बर्फाळ देशांतही लहान मुलांना बायथलॉनचे पहिले धडे दहा मीटरवर एअर रायफलनेच दिले जातात. म्हणजे अल्मोडा असो वा अलिबाग, प्रारंभ एकाच प्रकारच्या हत्याराने व्हावयाचा आहे.

अडचण येते ती याच हत्यारापाशी. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी एअर रायफल आज दोन-अडीच लाख रुपयांच्या घरात जाते. नोकरदार कुटुंबातील आई-वडील हा आकडा ऐकून एक तर मुलाला खेळातून काढून घेतात, किंवा कर्ज काढून घाईने खरेदी करून मोकळे होतात. या दोन्ही टोकांना जाण्याचे कारण नाही. पहिल्या वर्षी रायफल विकत न घेताही नेमबाजी शिकता येते आणि विकत घेण्याची वेळ येते तेव्हा किमतीइतकाच किंबहुना त्याहून अधिक विचार मापाचा करावा लागतो, हे पनवेल परिसरातील व एकंदर महाराष्ट्रातील नेमबाजीचा इतिहास पाहिला म्हणजे स्पष्ट होते.

पनवेल आणि नेमबाजी

मुंबई-पुणे मार्गावरील पनवेल हे शहर ऑक्टोबर २०१६ मध्ये रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका झाले. त्याच्या दहा वर्षे आधी, २००६ मध्ये, ऑलिंपियन नेमबाज सुमा शिरूर यांनी येथे लक्ष्य शूटिंग क्लबची स्थापना केली होती. २००४ च्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत क्वालालंपूर येथे शिरूर यांनी दहा मीटर एअर रायफलमध्ये चारशेपैकी चारशे गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली, आणि त्याच वर्षी अथेन्स ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली. चाळीस छर्ऱ्यांपैकी एकही दहाच्या वर्तुळाबाहेर गेला नाही, असा त्या चारशे गुणांचा अर्थ आहे. त्यांना २००३ मध्ये अर्जुन पुरस्कार आणि २०२२ मध्ये प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. टोकियो पॅरालिंपिकमध्ये २०२१ साली सुवर्णपदक पटकावणारी आणि २०२४ मध्ये पॅरिस येथे ते राखणारी जयपूरची अवनी लेखरा ही त्यांची शिष्या. त्यामुळे पूर्वी वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजकडे डोळे लावून बसावे लागणाऱ्या खाडीपलीकडच्या मुलांना हा खेळ घराजवळ दिसू लागला.

महाराष्ट्राचा या खेळाशी संबंध मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर हे होते. त्यांचे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर भागातील मावळंगे या गावचे. राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीची जी अखिल भारतीय स्पर्धा नवोदित नेमबाजांना पार करावी लागते, तिला त्यांचेच नाव आहे. कोकणातल्या एका खेड्याचे नाव देशभरच्या नवशिक्या नेमबाजांच्या तोंडी असे रोज येते, याची कल्पना खुद्द कोकणात थोड्यांनाच असेल.

संस्थेच्या रायफलीवर घडलेले नेमबाज

नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ, ही समजूत निराधार नाही. पण ती पुरतीही खरी नाही. अंजली भागवत यांनी रायफल प्रथम हाती घेतली ती मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात राष्ट्रीय छात्रसेनेच्या छात्र असताना. अवघ्या आठवडाभराच्या सरावानंतर १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी महाराष्ट्रासाठी रौप्यपदक मिळविले. पुढे २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोहोचल्या. छात्रसेनेची रायफल छात्राच्या मालकीची नसते. ती शस्त्रागारातून येते आणि सराव संपताच शस्त्रागारात परत जाते. तरीही त्याच वाटेने एक ऑलिंपियन घडली.

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसळे याचे उदाहरण अलीकडचे आहे. २००९ मध्ये तो राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला. तेथे सर्वसाधारण शारीरिक तयारीनंतर खेळ निवडावयाचा असतो. त्याने नेमबाजी निवडली आणि नाशिक येथे त्याचे प्रशिक्षण झाले. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये त्याने कांस्यपदक जिंकले. त्याचे वडील शिक्षक आहेत. मुलाच्या सरावासाठी त्यांना कर्ज काढावे लागले होते, हे त्या विजयानंतर सर्वदूर छापून आले. हे कर्ज कोणत्या टप्प्यावर काढले गेले, ते येथे पाहण्यासारखे आहे. मुलगा प्रबोधिनीत घडल्यावर, त्याचा खेळ ०.२२ इंची रायफलीपर्यंत पोहोचल्यावर आणि काडतुसांचा खर्च अंगावर आल्यावर ही वेळ आली. पहिल्या दिवशी रायफल हवी म्हणून नव्हे.

एअर रायफलचा छर्रा आणि ०.२२ इंची काडतूस यांच्या किमतीत अनेक पटींचा फरक आहे. नवशिक्याला दिवसाकाठी साठ ते शंभर वेळा नेम धरावा लागतो. एवढा सराव काडतुसांवर करणे बहुतेक घरांना परवडणारे नाही, छर्ऱ्यांवर करता येतो. म्हणूनच दहा मीटरची एअर रायफल हे या खेळाचे बालवाडीपासूनचे साधन ठरले आहे.

दहा मीटरवर नेमके काय साधायचे

एअर रायफलच्या लक्ष्यपत्रावरील संपूर्ण वर्तुळांचा व्यास ४५.५ मिलिमीटर असतो, त्यातला काळा भाग ३०.५ मिलिमीटर. मधला ठिपका, ज्याला दहा गुण आहेत, तो अवघा अर्धा मिलिमीटर. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा. म्हणजे स्वतःहून नऊ पटींनी बारीक ठिपक्याला त्याने स्पर्श करावयाचा. रायफलचे कमाल वजन साडेपाच किलो ठरविले आहे. पस्तीस किलो वजनाच्या बारा वर्षांच्या मुलाने ती उभ्याने तोलायची म्हणजे आपल्या वजनाचा सहावा-सातवा हिस्सा हातांवर धरायचा. म्हणून महागडी, जड रायफल ही लहान मुलाला चांगली रायफल असेलच असे नाही. पुष्कळदा ती त्याच्या पाठीला वाईटच असते.

टार्गेट स्प्रिंटमध्ये लक्ष्य याहून मोठे असते, परंतु धावून आलेल्या नेमबाजाची नाडी दीडशेच्या वर गेलेली असते. माशी वर्तुळाभोवती नाचत राहते. अशा वेळी अर्ध्या मिलिमीटरची अचूकता देणाऱ्या यंत्रापेक्षा झटकन खांद्याला बसणारी, हलकी, एकेक छर्रा सुलभतेने भरता येणारी रायफल अधिक उपयोगी पडते. या प्रकारात नवशिक्याला साध्या रायफलीवर समाधान मानण्याची जी मुभा मिळते, तिचा लाभ घेतला पाहिजे.

देशी रायफल : ओपन साईटचा मार्ग

जत्रेतील फुगे फोडण्याच्या बंदुकीपासून ऑलिंपिकच्या रायफलीपर्यंत एअर रायफलचे अनेक प्रकार आहेत. त्यांतील सर्वांत स्वस्त प्रकार स्प्रिंगचा. नळी किंवा दांडा मोडून स्प्रिंग दाबायची. चाप ओढताच ती सुटून हवेचा दाब छर्ऱ्यामागे लागतो. अशा देशी रायफली काही हजार रुपयांत मिळतात. शेठ वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये स्थापन केलेली मुंबईची इंडियन ह्यूम पाईप कंपनी सिमेंटच्या नळांसाठी प्रसिद्ध. पण तिने एअर रायफलीही बनविल्या आणि परदेशी माल दुर्मिळ असण्याच्या काळात देशातील कित्येक नेमबाजांचे पहिले छर्रे त्या रायफलींतून सुटले. नळ करणाऱ्या कारखान्याने नेमबाज घडवावेत, हा योगायोग गमतीचा खरा. अलीकडे प्रेसिहोल ही खोल छिद्रे पाडण्याची यंत्रे तयार करणारी महाराष्ट्रातील कंपनीही एअर रायफलींच्या निर्मितीत उतरली आहे. रायफलची नळी म्हणजे अखेर पोलादात पाडलेले एक लांब, सरळ, अचूक छिद्र. ते पाडण्याचे कसब ज्याच्यापाशी, त्याने रायफलीकडे वळावे हे स्वाभाविकच.

शालेय स्पर्धांत ‘ओपन साईट’ आणि ‘पीप साईट’ असे दोन स्वतंत्र विभाग ठेवलेले असतात. ओपन साईट म्हणजे मागे खाच व पुढे माशी, दोन्ही उघडी. पीप साईट म्हणजे मागच्या बारीक छिद्रातून पुढच्या कड्यात लक्ष्य धरण्याची व्यवस्था. पहिला विभाग साध्या देशी रायफलीसाठी खुला असल्याने थोड्या खर्चात स्पर्धेचा अनुभव पदरी पडतो. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांची माहिती शाळेच्या क्रीडाशिक्षकांकडे मिळू शकते.

स्प्रिंगच्या रायफलीचे दोषही सांगितले पाहिजेत. छर्रा नळीत असतानाच स्प्रिंगचा धक्का हातांना जाणवतो. त्यामुळे ती घट्ट आवळून धरली तर नेम एकीकडे जातो, सैल धरली तर दुसरीकडे. चाप जड असतो. लहान मुलाला दर वेळी स्प्रिंग दाबणे जमत नाही. पन्नासाव्या छर्ऱ्यापर्यंत दंड भरून येतात. या रायफलीवर वर्ष-दोन वर्षे शिकावे, परंतु तिच्यावरील गुणांवरून मुलाची कुवत ठरवू नये. दाबलेली हवा भरलेल्या नळकांड्यावर चालणारी रायफल जवळपास धक्का देत नाही आणि तिच्यावर त्याच मुलाचे गुण एकदम वाढलेले दिसतात. अनेक पालक यालाच परदेशी रायफलीची जादू समजतात. वास्तविक जादू धक्क्याच्या अभावात असते. ती बनावट देशी असली तरी अनुभवास येते.

कायद्याची चौकट

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनी या विषयाची चौकट घालून दिली आहे. साडेचार मिलिमीटर म्हणजे ०.१७७ इंच व्यासाची आणि वीस ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेची एअर रायफल घेण्यास शस्त्र परवाना लागत नाही. मात्र विक्रेत्याला ओळखीचा व पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो आणि त्याची नोंद ठेवली जाते. स्पर्धेची एअर रायफल सुमारे साडेसात ज्यूल ऊर्जेची असते. ती या मर्यादेच्या पुष्कळ आत बसते. ‘अधिक ताकदीची आहे’ असे सांगून याहून मोठ्या व्यासाची रायफल कोणी पुढे केली तर ती घेऊ नये. स्पर्धेत तिला स्थान नाही आणि परवान्याचा प्रश्न उद्भवतो तो वेगळाच.

०.२२ इंची रायफलीला, मग ती बायथलॉनची असो वा साध्या लक्ष्यभेदाची, परवाना अनिवार्य आहे. पनवेल परिसर नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येत असल्याने तेथील रहिवाशांना तो आयुक्तालयाकडे मागावा लागतो. एकवीस वर्षांखालील मुलाला स्वतःच्या नावे परवाना मिळत नाही. नियमांनी आखून दिलेल्या वयापासून त्याला मान्यताप्राप्त क्लबमध्ये, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सराव करता येतो. परदेशातून रायफल मागविण्याच्या सवलती नामवंत नेमबाज आणि मान्यताप्राप्त संस्था यांच्यासाठी आहेत. नवशिक्या पालकांनी परस्पर परदेशी विक्रेत्याकडे पैसे पाठविण्याच्या भानगडीत पडू नये. सीमाशुल्क कचेरीत माल अडकून पडल्यास तो सोडविणे कठीण जाते.

परवाना लागत नाही म्हणून एअर रायफल खेळणे ठरत नाही. दहा मीटरवरून छर्रा डोळा कायमचा घालवू शकतो. घराच्या गच्चीवर पक्षी किंवा बाटल्या यांच्यावर नेम धरून सराव करण्याचा मोह मुलांना होतोच. पनवेलच्या दक्षिणेला कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे, आणि वन्य पक्ष्यांना मारणे हा गुन्हा आहे. घरी सराव करावयाचा तर छर्रा न भरता, भिंतीवर ठिपका काढून, नुसते रायफल तोलणे आणि चाप ओढणे यांचा करावा. चांगले प्रशिक्षक हा कोरडा सराव निम्म्याहून अधिक वेळ करवून घेतात. त्याला छर्रा लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

एका रायफलीवर चार मुले

पहिल्या वर्षासाठी सर्वांत स्वस्त रायफल म्हणजे केंद्राची रायफल. एखाद्या केंद्रात सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन अशा चार पाळ्या धरल्या तर एकाच रायफलीवर चार मुले शिकतात आणि अडीच लाखांचा बोजा चौघांत विभागला जातो. शाळा, छात्रसेना, क्लब यांपैकी कोणाकडेही अशी सोय असेल तर तिचा लाभ घ्यावा.

सामाईक रायफलीचे एक कटकटीचे अंग आहे. रायफल प्रत्येकाला वेगळी बसते. खांद्याशी टेकणारी पट्टी, गालाचा आधार, मागच्या साईटची उंची ही सर्व मापे मुलागणिक बदलतात. एकाने सकाळी बसविलेली साईट दुसऱ्याला संध्याकाळी उपयोगी पडत नाही. मग मूल आपल्या नेमाला दोष देते, किंवा दर वेळी पहिले वीस छर्रे साईट जुळविण्यात घालवते. यावर उपाय साधा आहे. प्रत्येक मुलाने एक वही ठेवावी. पट्टी कितव्या खुणेवर, गालाचा आधार किती खुणा वर, साईट शून्यापासून किती ‘क्लिक’ कोणत्या बाजूला, हे तीत लिहून ठेवावे आणि पाळी सुरू होताच त्याप्रमाणे रायफल आपल्या मापाला आणावी. पाच मिनिटांचे काम आहे. या वहीचा दुसरा फायदा पुढे खरेदीच्या वेळी होतो. वर्षभरात पट्टी किती खुणा सरकली यावरून मूल किती वाढले ते दिसते आणि आजच्या मापाची रायफल दोन वर्षांनी आखूड पडेल किंवा नाही, याचा अंदाज येतो.

केंद्रात दाखल होण्यापूर्वीच एक तपासणी घरी करून घ्यावी. दोन्ही हात लांब करून तळव्यांच्या मधे छोटी खिडकी ठेवावी, तिच्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी पाहावी, मग एकेक डोळा मिटावा. जो डोळा उघडा असताना वस्तू खिडकीतच राहते तो प्रभावी डोळा. उजवा हात आणि डावा डोळा अशी जोडी असलेली मुले थोडी नाहीत. अशा मुलाला उजव्या हाताची रायफल विकत दिली, तर दोन वर्षे त्याचा दोष कोणाला कळतही नाही.

लक्ष्यभेदाचे लेसर यंत्र हा आणखी एक पर्याय आहे. आधुनिक पेंटॅथलॉन या खेळात २०१२ च्या लंडन ऑलिंपिकपासून छर्ऱ्याऐवजी लेसर पिस्तूल वापरतात. धावणे आणि नेम यांची सांगड शिकविण्यास शाळेच्या पटांगणावर हे साधन उत्तम. शिसे नाही, इजा नाही. परंतु त्यावर शिकलेला चाप एअर रायफलच्या चापासारखा नसतो, एवढी मर्यादा जाणून ते वापरावे.

जुनी रायफल घेताना

दीड-दोन वर्षांनंतर, मूल खेळात टिकले आणि मापे स्थिरावू लागली म्हणजे स्वतःच्या रायफलीचा विचार करण्यास हरकत नाही. अशा वेळी जुनी, वापरलेली रायफल हा उत्तम मार्ग ठरतो. एअर रायफलच्या नळीला उष्णता किंवा दारूचा त्रास नसल्याने ती लवकर झिजत नाही. वरच्या पातळीवरील नेमबाज नवे मॉडेल निघाले की जुनी रायफल विकतात. क्लबमधून आणि स्पर्धांच्या ठिकाणी अशा विक्रीची माहिती मिळते. परदेशी कारखाने क्लबांसाठी थोड्या कमी साजाच्या रायफलीही काढतात. फाइनवर्कबाऊची ५०० ही त्यांपैकी एक. नळी चांगल्या प्रतीची, वरचा साज साधा. नवशिक्याला एवढे पुरते.

जुन्या रायफलीत सर्वप्रथम पाहावयाचे ते हवेचे नळकांडे. त्यात सुमारे दोनशे बार इतका दाब असतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या सुमारे शंभर पट. या नळकांड्यांना सर्वसाधारणपणे दहा वर्षांची मुदत असते आणि निर्मितीची तारीख त्यांवर कोरलेली असते. मुदत उलटलेले नळकांडे स्पर्धेत चालत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते वापरणेही योग्य नव्हे. रायफल स्वस्त मिळाली आणि नळकांडे बदलावे लागले, तर त्याचा खर्च किमतीत धरूनच सौदा स्वस्त की महाग ते ठरवावे.

त्यानंतर हवा भरून काट्यावरील आकडा लिहून ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा. आकडा उतरला असेल तर कोठे तरी गळती आहे. मागची साईट बोटांनी हलवून पाहावी. ती किंचितही डुगडुगत असेल तर दहा मीटरवर त्याचे कित्येक पट होते. रायफल पक्क्या आधारावर ठेवून एकाच ठिकाणी दहा छर्रे मारावेत. सर्व मिळून एकच, जवळपास गोल छिद्र पडले पाहिजे. छिद्र लांबट किंवा विस्कळीत असेल, तर छर्ऱ्याचा दुसरा प्रकार वापरून पुन्हा पाहावे, कारण प्रत्येक नळीला एखादाच छर्रा मानवतो. तरीही सुधारणा नसेल तर रायफल सोडून द्यावी.

शेवटी माप. दस्त्याचे टोक कोपराच्या खोबणीत टेकवून हात पुढे केला असता तर्जनीचे पहिले पेर चापापर्यंत सहज पोहोचले पाहिजे. ही जुनी, ढोबळ कसोटी आहे, पण अनेक चुकीच्या खरेदी तिने टाळल्या असत्या. मुलाला न नेता वडिलांनी एकट्याने जाऊन रायफल आणणे, हा त्यांतला सर्वांत मोठा प्रमाद.

जाकीट, पँट, बूट, हातमोजा हा साज वाढत्या वयातील मुलाला नवा घेऊ नये. बारा ते सोळा या वयात तो दोनदा-तीनदा बदलावा लागतो. मोठ्या मुलांकडून धाकट्यांकडे तो उतरत जावा. टार्गेट स्प्रिंटपुरता विचार करणाऱ्याला तर तो लागतच नाही आणि त्या पैशात वर्षाचे छर्रे येतात.

पावसाळा आणि रायफल

रायफलीवर घातलेला पैसा कोकणात पावसाळ्यात वाया जाऊ शकतो. जून ते सप्टेंबर या काळात पनवेलच्या हवेत इतका ओलावा असतो की बंद पेटीतील स्पंजच पाणी धरून ठेवतो. नळीवर तांबूस ठिपके येतात, चामड्याच्या साजावर बुरशी चढते. म्हणून सराव संपल्यावर रायफल पुसून, तेलाचा अगदी पातळ हात फिरवून, पेटीत न ठेवता कुलूपबंद कपाटात उभी ठेवावी. ओलावा शोषणाऱ्या पुड्या कपाटात ठेवून महिन्यातून एकदा बदलाव्यात. हातपंपाने हवा भरणाऱ्यांनी पंपाची ओल गाळणारी जाळी पावसाळ्यात वरचेवर पाहावी. एरवी बाहेरची बाष्पयुक्त हवा नळकांड्यात जाऊन आतून गंज धरते आणि बाहेरून काही दिसत नाही. नळी तारेच्या ब्रशने कधीही घासू नये. त्यासाठी लोकरीच्या गोळ्या मिळतात. छर्रे शिशाचे असल्याने सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय डबा उघडू नये, ही शिस्त मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

या रीतीने जपलेली रायफल चार-पाच वर्षांनी विकताना तिच्या किमतीचा बराच भाग परत मिळतो. विकणाऱ्याने नळकांड्याची तारीख, वर्षातून कोणत्या महिन्यात सील बदलले आणि कोणत्या छर्ऱ्याने सर्वांत लहान छिद्र पडले, हे लिहिलेली वही रायफलीबरोबर नव्या घराला द्यावी.